विद्यापीठीय अभ्यासक्रमाचा दर्जा : निकष कोणते आणि कोणासाठी?

प्रास्ताविक

बारावीचे निकाल लागले की देवळा परिसरातील अनेक कुटुंबांत एकच प्रश्न निर्माण होतो : मुलाने वा मुलीने पुढे कोठे शिकावे? गावाजवळच्या महाविद्यालयात जावे तर ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असते. घरची शेती, मजुरी अथवा संसार सांभाळून शिकावे तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र शोधावे लागते. दोन्ही मार्गांनी पदवी मिळते. परंतु त्या पदवीच्या मागे उभा असलेला अभ्यासक्रम कसा आहे, तो कोणी आणि कोणाला डोळ्यांसमोर ठेवून रचला, तो शिकविला कसा जातो, हा प्रश्न मात्र प्रवेशाच्या धावपळीत बहुधा विचारला जात नाही. शुल्क किती, शिष्यवृत्ती मिळेल काय, परीक्षा केव्हा, येथेच आपली चौकशी संपते.

प्रस्तुत लेखात आम्ही या न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचा विचार करणार आहोत. विद्यापीठीय अभ्यासक्रमाची रचना आणि त्याचे अध्यापन यांच्या गुणवत्तेचे निकष कोणते, ते कसे वापरले जातात आणि सामान्य विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग कसा करून घेता येईल, हे समजावून देणे हा आमचा हेतू आहे. हा विषय केवळ प्राध्यापकांचा आणि अधिकाऱ्यांचा आहे, असा एक समज आहे. तो दूर होणे आवश्यक आहे. ज्या घरातील पहिलीच व्यक्ती महाविद्यालयाची पायरी चढते, त्या घराला निकृष्ट अभ्यासक्रमाची किंमत सर्वांत जास्त मोजावी लागते. सुस्थितीतील विद्यार्थी वर्गातील उणीव खासगी शिकवणीने, घरच्या ग्रंथसंग्रहाने, नातलगांच्या मार्गदर्शनाने भरून काढतो. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नाही, त्याला अभ्यासक्रमाने जे दिले तेवढेच मिळते.

'दर्जा' या शब्दाचे दोन अर्थ

उच्च शिक्षणाच्या चर्चेत 'दर्जा' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. एका अर्थाने दर्जा म्हणजे गाळणी. प्रवेश अवघड करावा, परीक्षा कठीण करावी, उत्तीर्णांची संख्या कमी ठेवावी, म्हणजे दर्जा उंचावला, असे मानले जाते. दुसऱ्या अर्थाने दर्जा म्हणजे संस्थेने विद्यार्थ्याला दिलेले वचन. येथे प्रवेश घेणाऱ्याला अमुक इतके ज्ञान, अमुक इतके कौशल्य आणि विचार करण्याची अमुक इतकी शक्ती प्राप्त होईल, अशी व्यवस्था आम्ही केली आहे, असे संस्था सांगते आणि ते पाळते. पहिल्या अर्थात परीक्षा फक्त विद्यार्थ्याची असते. दुसऱ्या अर्थात ती संस्थेचीही असते.

हा भेद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी स्पष्ट केला होता. १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा त्यांनी परीक्षा आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ठामपणे मांडले. शिक्षणाचा दर्जा उंचावण्याच्या नावाखाली परीक्षा अतिशय कठोर केल्या जातात आणि त्यामुळे ज्या मागासलेल्या समाजांना विद्यापीठात शिरण्याची संधी पूर्वी कधी मिळाली नव्हती ते बाहेरच राहतात, असा त्यांचा आक्षेप होता. उच्चतम शिक्षण गरजू आणि गरीब यांच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाच्या मूलभूत कार्यांपैकी एक आहे, असे त्यांनी याच चर्चेत प्रतिपादन केले.

परंतु बाबासाहेबांची भूमिका केवळ दार उघडण्यापुरती होती असे समजणे चुकीचे ठरेल. त्याआधी १९२४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी जे लेखी निवेदन दिले, त्यात विद्यापीठीय अध्यापन कसे असावे याची फार उंच कसोटी त्यांनी ठेवली आहे. अध्यापन प्रौढ बुद्धीला साजेसे असावे. ते शास्त्रीय आणि निःपक्षपाती असावे. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती आणि सिद्धांत कोंबण्यापेक्षा त्याच्या स्वतंत्र व्यक्तित्वाला जागे करावे, त्याला बौद्धिक परिश्रमाची प्रेरणा द्यावी आणि अधिकारी ग्रंथकारांचा चिकित्सक अभ्यास करण्याची सवय लावावी, असा त्याचा आशय आहे. पदवीपूर्व अध्यापन आणि पदव्युत्तर संशोधन यांची फारकत करण्यालाही त्यांचा विरोध होता; कारण तशी फारकत म्हणजे अध्यापन आणि संशोधन यांचीच फारकत होय.

१९२४ ची कसोटी आणि १९२७ ची मागणी एकत्र वाचली पाहिजे. दार खुले हवे आणि आतील अध्यापन उत्तम हवे, या दोन मागण्या परस्परविरोधी नाहीत, हाच त्या एकत्रित वाचनाचा निष्कर्ष आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. वेळापत्रक बदलले, अभ्यासाची पातळी खाली आणली नाही. अभ्यासक्रमाच्या रचनेत विद्यार्थ्याचे जीवन विचारात घेणे म्हणजे काय, याचा हा आपल्या इतिहासातील उत्तम दाखला आहे.

अभ्यासक्रमाची रचना म्हणजे काय?

अनेकांच्या समजुतीत अभ्यासक्रम म्हणजे प्रकरणांची यादी. विद्यापीठाचे अभ्यासमंडळ बैठक घेते, चार घटक आणि संदर्भग्रंथांची नावे निश्चित करते आणि कागद महाविद्यालयांकडे रवाना होतो. परंतु यादी म्हणजे रचना नव्हे. रचनेत पाच प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. शिकणारा कोण आहे आणि त्याला आधी काय येते? अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर त्याला काय करता आले पाहिजे? त्यासाठी कोणता आशय, कोणत्या क्रमाने द्यावा? तो कोणत्या पद्धतीने शिकवावा? आणि त्याला ते आले की नाही हे कसे तपासावे?

या पाचही उत्तरांचा एकमेकांशी मेळ असला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील शिक्षणतज्ज्ञ जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये हे तत्त्व सुसूत्रपणे मांडले आणि आज जगभरातील विद्यापीठांच्या गुणवत्तानिकषांचा तो कणा झाला आहे. उद्दिष्ट एक, अध्यापन दुसरेच आणि प्रश्नपत्रिका तिसऱ्याच गोष्टीची, असे असेल तर विद्यार्थी प्रश्नपत्रिकेच्याच मागे जातो. त्यात त्याचा दोष नसतो. संस्थेला खरोखर काय हवे आहे हे त्याने बरोबर ओळखलेले असते.

एक उदाहरण घेऊ. देवळा तालुका कांद्याचा. उमराण्याच्या बाजारात काय भाव निघाला, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. समजा, कला शाखेच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'कृषी पणन' हा घटक आहे. त्याचे उद्दिष्ट 'कृषी पणनाची माहिती देणे' असे लिहिले असेल तर त्यावरून काहीच तपासता येत नाही. 'शेतमालाच्या भावातील चढउतारांची कारणे विद्यार्थी स्वतः मिळविलेल्या आकडेवारीवरून तपासू शकेल' असे लिहिले तर मात्र पुढील सर्व गोष्टी बदलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावण्यात आले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि मे २०२४ मध्ये ती उठविण्यात आली. या तीन टप्प्यांच्या आगेमागे बाजार समितीतील आवक आणि भाव कसे बदलले, याचा तक्ता विद्यार्थ्यांनी तयार करावा. भावातील कोणता बदल धोरणामुळे झाला आणि कोणता हंगामामुळे, यावर वर्गात वाद व्हावा. आणि परीक्षेत त्यांना न पाहिलेला तक्ता देऊन त्याचे विवेचन मागावे. येथे उद्दिष्ट, अध्यापन आणि मूल्यमापन एका रेषेत आले. याउलट उद्दिष्ट हेच ठेवून परीक्षेत 'कृषी पणनाची व्याख्या सांगून वैशिष्ट्ये लिहा' एवढेच विचारले, तर बाजाराशेजारी राहणारा विद्यार्थीसुद्धा बाजारभावाच्या 'गाइड'मधील उत्तर पाठ करील आणि स्वतःला जे माहीत आहे त्याला ज्ञान मानणार नाही. निकृष्ट रचनेचा हा सर्वांत मोठा अपराध आहे. ती शिकणाऱ्याच्या अनुभवाला अज्ञान ठरविते.

मुक्त विद्यापीठाचा प्रयोग

नाशिक जिल्ह्याला दाराचा अर्थ वेगळा समजावून द्यावा लागत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी सुरू झालेला सत्याग्रह आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला झालेली धर्मांतराची घोषणा याच जिल्ह्यातील. याच जिल्ह्यात १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. प्रा. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याला डॉ. बी. आर. आंबेडकर यांचेच नाव देण्यात आले, ही गोष्टही येथे नोंदवावीशी वाटते.

मुक्त विद्यापीठात अभ्यासक्रमरचनेचे महत्त्व संलग्न महाविद्यालयापेक्षा अधिक असते. महाविद्यालयात अभ्यासक्रम सदोष असला तरी एखादा तळमळीचा प्राध्यापक तो वर्गात सावरून घेतो. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बहुतेक वेळ एकटा असतो. त्याच्यासमोर असते ते पुस्तक. म्हणून ते पुस्तकच शिक्षक झाले पाहिजे. ब्रिटनमधील मुक्त विद्यापीठाने १९७१ पासून प्रत्यक्ष अध्यापन सुरू केले, तेव्हा एकट्या लेखकाऐवजी विषयतज्ज्ञ, संपादक, अध्यापनतज्ज्ञ अशा अनेकांच्या गटाने अभ्यासक्रम तयार करण्याची पद्धत रूढ केली. पुढील काळातील मुक्त विद्यापीठांनी ही पद्धत आपापल्या परीने स्वीकारली.

आपल्याकडील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांतही स्वयं-अध्ययन साहित्याचे काही गुण सांगितले आहेत. ते साहित्य स्वयंस्पष्ट असावे, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीवाचून उलगडणारे असावे. ते स्वयंपूर्ण असावे, म्हणजे विद्यार्थ्याला दुर्मिळ ग्रंथ शोधत फिरावे लागू नये. ते शिकणाऱ्याला उद्देशून आणि त्याला पुढे नेणारे असावे. आणि त्यात स्वतःचे मूल्यमापन स्वतः करण्याची सोय असावी. देवळ्यापासून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पुणे त्याच्या तिपटीहून अधिक दूर आणि तालुक्यात रेल्वे नाही. अशा ठिकाणच्या वाचकाच्या दृष्टीने हे चार गुण म्हणजे चैन नव्हे, ती किमान गरज आहे. पुस्तकातील एखादे वाक्य कळले नाही तर ते कोणाला विचारावे, हा त्याच्यापुढचा रोजचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर म्हणून अभ्यासकेंद्र आणि तेथील संमंत्रक यांची योजना आहे. संमंत्रकाचे काम व्याख्यान देण्याचे नाही. विद्यार्थ्याने घरी वाचून आणलेल्या अडचणी सोडविणे, त्याने लिहिलेले स्वाध्याय तपासून कोठे चुकले हे सांगणे, हे त्याचे काम. जेथे संमंत्रणाचे तास फक्त वेळापत्रकात असतात, स्वाध्याय शेवटच्या आठवड्यात एकमेकांचे पाहून उतरवून घेतले जातात आणि त्यांवर गुणांखेरीज एक अक्षरही लिहिलेले नसते, तेथे पुस्तक कितीही चांगले असले तरी अभ्यासक्रम अर्धाच उरतो. दूरशिक्षणाची पदवी म्हणजे 'बाहेरून' दिलेली पदवी, तिला दुय्यम मानण्यास हरकत नाही, अशी जी धारणा समाजात आढळते, तिला असले व्यवहार बळ देतात. त्याचा भुर्दंड मात्र प्रामाणिकपणे अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला सोसावा लागतो.

वेळेचा हिशेब

गुणवत्तेचा एक निकष असा आहे की जो कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतो. तो म्हणजे श्रेयांकाचा. श्रेयांक ही अध्ययनासाठी लागणाऱ्या वेळेची मोजणी आहे. नियमित महाविद्यालयात सैद्धांतिक विषयाचा एक श्रेयांक म्हणजे १५ तासांचे अध्यापन. चार श्रेयांकांचा विषय असेल तर सत्रात ६० तास झाले पाहिजेत. म्हणजे पंधरा आठवडे, दर आठवड्याला चार तास. प्रवेश लांबले, पद रिक्त राहिले, तासिका तत्त्वावरील नेमणूक दिवाळीच्या तोंडावर झाली आणि प्रत्यक्षात तीसच तास झाले, तर विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर चार श्रेयांक लिहिले जातील. त्याला मिळाले दोनच. ही केवळ गैरसोय नव्हे, हे मापात मारणे आहे.

दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याच्या अभ्यासाचे ३० तास मानले जातात. वाचन, टिपणे, स्वाध्याय, संमंत्रण हे सर्व त्यात आले. तीन वर्षांची पदवी साधारणतः १२० श्रेयांकांची. म्हणजे वर्षाला ४० श्रेयांक आणि १,२०० तास. बावन्न आठवड्यांत विभागले तर दर आठवड्याला सुमारे २३ तास, म्हणजे दररोज तीन तासांहून अधिक. आता कांदा लागवडीच्या आणि काढणीच्या दिवसांत सकाळी शेतावर मजुरीला जाणारी, संध्याकाळी घरचा स्वयंपाक करणारी एखादी तरुणी डोळ्यांसमोर आणावी. तिला रोज तीन तास कोठून मिळणार?

या प्रश्नाला दोन चुकीची उत्तरे दिली जातात. पहिले असे की, 'अशांनी पदवीच्या मागे लागू नये.' दुसरे असे की, 'त्यांना कशाला एवढा अभ्यास, परीक्षा सोपी करू.' पहिले उत्तर दार बंद करते. दुसरे दार उघडे ठेवून आतील घर रिकामे करते. खरे उत्तर रचनेत शोधावे लागते. पदवी पूर्ण करण्यास अधिक कालावधी द्यावा. हंगाम पाहून संमंत्रणाचे वेळापत्रक आखावे. १२० तासांच्या विषयाचे दहा-दहा तासांचे बारा घटक करून प्रत्येक घटक स्वतंत्रपणे पूर्ण करता येईल असा ठेवावा. खंड पडला तर पुन्हा धागा कोठे जोडावा हे पुस्तकातच सांगावे. विद्यार्थ्याच्या वेळेचा आदर करणे आणि ज्ञानाची पातळी राखणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. सिद्धार्थ महाविद्यालयाच्या सकाळच्या वर्गांनी ते दाखवून दिले आहे.

अध्यापनाचा क्रम

अध्यापन क्रमाक्रमाने पुढे गेले पाहिजे, हा विचार आपल्या परंपरेला अपरिचित नाही. मज्झिमनिकायातील गणकमोग्गल्लान सुत्तात श्रावस्ती येथील मिगारमातेच्या प्रासादात एक गणक, म्हणजे हिशेबनीस ब्राह्मण, भगवान बुद्धांना भेटतो. या प्रासादाला पायऱ्या आहेत, धनुर्विद्या क्रमाने शिकविली जाते, आम्हीही शिष्याला एकापासून मोजावयास शिकवितो. आपल्या शिकवणुकीतही असा क्रम आहे काय, असे तो विचारतो. तथागत होकार देतात आणि शीलापासून प्रारंभ करून एकेक पायरी सांगतात. त्या संवादाचा शेवटही अभ्यासनीय आहे. सर्वच शिष्य अंतिम ध्येयाला पोहोचतात काय, या प्रश्नावर काही पोहोचतात आणि काही पोहोचत नाहीत, असे स्पष्ट उत्तर येते. कारण तथागत मार्ग दाखविणारे आहेत, चालावयाचे ज्याचे त्याने. राजगृहाची वाट विचारणाऱ्या दोघांपैकी एक आडवाटेने जातो, हा दृष्टांत तेथेच आहे.

या सुत्ताचा आधार घेऊन काही अध्यापक म्हणतील की, 'आम्ही शिकविले, विद्यार्थी शिकला नाही, त्याला आम्ही काय करणार?' परंतु तसे म्हणण्याचा अधिकार मार्ग पूर्णपणे, पायरी-पायरीने दाखविल्यानंतरच प्राप्त होतो. ज्या जिन्याच्या मधल्या पायऱ्याच गाळल्या आहेत, त्यावरून घसरणाऱ्याला दोष देता येत नाही.

चूळपंथकाची कथा हेच अधिक स्पष्ट करते. त्याच्या थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिन्यांत ती त्याला पाठ झाली नाही. तेव्हा तू या शासनात राहण्यास अपात्र आहेस, असे म्हणून भावाने त्याला निघून जाण्यास सांगितले. भगवान बुद्धांनी त्याला एक स्वच्छ वस्त्र हातात घेऊन ते चोळत मळाविषयी मनन करण्यास सांगितले. वस्त्र मळत गेले आणि अनित्यता त्याला समजली. पाठांतर हीच एकमेव कसोटी मानली तेव्हा तो अपात्र ठरला होता. पद्धत बदलली; ध्येय तेच राहिले. अध्यापनाच्या गुणवत्तेचे याहून नेमके उदाहरण आम्हास ठाऊक नाही. भगवान बुद्धांनी त्याला सोपे प्रमाणपत्र दिले नाही, वेगळी वाट दिली.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. पुस्तक मराठीत आहे म्हणजे ते समजण्यासारखे आहे असे होत नाही. इंग्रजी ग्रंथाचे शब्दशः भाषांतर केलेले, प्रत्येक ओळीत तीन पारिभाषिक संज्ञा असलेले मराठी पुस्तक ग्रामीण विद्यार्थ्याला इंग्रजीइतकेच परके असते. संज्ञा हव्यातच, त्यांच्यावाचून शास्त्र नाही. पण संज्ञेच्या आधी उदाहरण आणि संज्ञेनंतर तिचा उपयोग, हा क्रम पाळला पाहिजे.

नियामक निकष आणि त्यांची मर्यादा

शासनपातळीवरील व्यवस्था थोडक्यात पाहू. १९९४ मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे 'नॅक', स्थापन झाली. तिच्या मूल्यांकनात अभ्यासक्रमविषयक बाबी आणि अध्यापन-अध्ययन-मूल्यमापन यांना स्वतंत्र निकषांचे स्थान मिळाले. दूरशिक्षणासाठी १९९१ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाअंतर्गत दूरशिक्षण परिषद निर्माण झाली. २०१३ मध्ये ती बरखास्त होऊन हे काम विद्यापीठ अनुदान आयोगाकडे गेले. आयोगाच्या २०२० च्या विनियमांनुसार दूरशिक्षण देणाऱ्या संस्थेत अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र असणे बंधनकारक आहे. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्ययननिष्पत्ती हा शब्द प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर आला.

या व्यवस्थेचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. तिच्यामुळे संस्थांना निदान स्वतःकडे पाहावे लागते. परंतु तिची एक मर्यादा आहे. तपासणीत कागद दिसतो, वर्ग क्वचितच दिसतो. निष्पत्तींची सुंदर यादी करून ती पुस्तिकेत छापणे सोपे आहे. त्या यादीप्रमाणे प्रश्नपत्रिका बदलणे कठीण आहे. विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा करून त्यांचे आलेख काढणे सोपे आहे; त्या अभिप्रायामुळे कोणता घटक बदलला हे सांगणे कठीण आहे. शिवाय तासिका तत्त्वावर, पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही याच्या चिंतेत असलेल्या अध्यापकाकडून अभ्यासक्रमाच्या पुनर्रचनेची अपेक्षा करणे न्याय्य नाही. गुणवत्तेचा भार सर्वांत दुर्बल खांद्यावर टाकून ती साध्य होत नाही.

विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी काय करावे?

निकष हे अधिकाऱ्यांच्या फायलींत राहिले तर ते फायलींसाठीच वापरले जातील. ते विद्यार्थ्याच्या हाती आले तरच त्यांना अर्थ प्राप्त होईल. म्हणून प्रवेश घेताना आणि शिकत असताना पुढील प्रश्न नम्रपणे, परंतु निश्चितपणे विचारावेत, असे आम्ही सुचवितो :

१. या विषयाचा अभ्यास पूर्ण केल्यावर मला काय करता येईल, हे कोठे लिहिले आहे?

२. या विषयाला किती श्रेयांक आहेत आणि त्याप्रमाणे किती तास होणार आहेत? झालेल्या तासांची नोंद मला पाहता येईल काय?

३. पुस्तक केव्हा मिळेल? सत्र सुरू होताना, की परीक्षेच्या तोंडावर?

४. माझे स्वाध्याय कोण तपासणार आणि त्यावर शेरे लिहून ते परत मिळणार काय?

५. मागील तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहता येतील काय? त्यांत विचार करावयास लावणारे प्रश्न किती आहेत आणि केवळ स्मरणाचे किती?

६. एखादे सत्र चुकले तर पुढे चालू ठेवण्याचा नियम कोणता?

या सहा प्रश्नांची उत्तरे देण्यास पदरचा एक रुपयाही लागत नाही. चांगल्या संस्थेला ते आवडतील. ज्या संस्थेला त्यांचा त्रास वाटेल, तिच्याविषयी आपल्याला आवश्यक ती माहिती त्या त्रासातूनच मिळेल.

याबरोबर आपलेही एक कर्तव्य आहे. वस्तीतील विहारात, समाजमंदिरात अथवा वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की जेथे पदवीचा अभ्यास करणारे तरुण-तरुणी आपापली पुस्तके घेऊन एकत्र बसतील. कोणा तज्ज्ञाची वाट पाहण्याचे कारण नाही. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मदत करावी. एकाने घटक समजावून सांगावा, दुसऱ्याने शंका काढाव्यात. जे एकट्याला दूरशिक्षण वाटते, ते चौघांच्या संगतीत दूर राहत नाही. मात्र अशा अभ्यासमंडळाने संस्थेची जबाबदारी स्वतःवर ओढून घेऊ नये. संमंत्रणाचे तास होत नसतील तर त्याची लेखी मागणी करणे हेही त्याच मंडळाचे काम आहे.

उपसंहार

पदवी हे आपल्या समाजाच्या दृष्टीने केवळ नोकरीचे साधन कधीच नव्हते. ज्यांना अक्षर नाकारले गेले होते त्यांनी अक्षरावर मिळविलेल्या अधिकाराची ती खूण आहे. म्हणूनच ती पोकळ असता कामा नये. प्रवेश नाकारणे हा उघड अन्याय आहे आणि त्याविरुद्ध लढण्याची आपल्याला सवय आहे. प्रवेश देऊन न शिकविणे हा झाकलेला अन्याय आहे. तो सहजासहजी दिसत नाही, कारण शेवटी हातात एक प्रमाणपत्र असते. तो ओळखण्याचे साधन म्हणजे गुणवत्तेचे निकष. १९२४ ची कसोटी आणि १९२७ ची मागणी या दोन्हींना आज शंभर वर्षे होत आहेत. देवळ्यासारख्या गावातील अभ्यासकेंद्रात आणि महाविद्यालयात त्या दोन्ही एकाच वेळी पूर्ण होतात काय, हे तपासण्याचे काम मात्र अजून आपल्याकडेच आहे.